पीळ आणि आटा: महालातल्या एका देव्हाऱ्याच्या खांबाचं प्रकरण

मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरातून फोन आला. देव्हाऱ्याचा खांब मोडला होता. तसाच दुसरा करून मिळेल का, असं एक तरुण मुलगा विचारत होता. मागून त्याच्या आजीचा आवाज येत होता, "त्यांना म्हणा, महालक्ष्म्यांच्या आत पाहिजे." विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: ज्येष्ठा गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्या आत म्हटलं की तारीख पुढे ढकलायची सोय नसते.

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवून निवृत्त झालो. आयुष्य लोखंड कापण्यात गेलं. लाकडाचा लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र, घरामागच्या शेडमध्ये आला तो उशिरा, आणि पिळाच्या कामाचा नाद त्याहून उशिरा. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात माझी एक जुनी समजूत मोडली. पिळाचं काम करणाऱ्या, विशेषतः लोखंडाकडून लाकडाकडे आलेल्या माणसाला ती मोडलेली बरी.

काय मोडलं होतं

देव्हारा सागवानाचा, साधारण दीड हात रुंद. चार खांबांवर महिरप आणि वर छोटासा कळस. आपल्याकडच्या वाड्यांतले खांब बहुतेक सुरूच्या आकाराचे, खाली फुगीर आणि वर निमुळते. त्यांच्या डोक्याशी केळफूल असतं. या देव्हाऱ्याचे चारही खांब मात्र पिळाचे होते. दोन पेड एकमेकांना वेढत वर गेलेले, वेणीसारखे. काकूंच्या, म्हणजे फोनवरच्या त्या आजींच्या, सासूबाईंच्या काळापासून तो घरात आहे. कोणी केला ते कोणाला ठाऊक नाही.

घराला रंग द्यायचा होता म्हणून देव्हारा बाजूच्या खोलीत हलवला, तेव्हा दोघांनी तो समोरच्या खांबांना धरून उचलला. डावा खांब वरच्या हिश्श्यात, बारीक टोकाशी तुटला. खालचा तुकडा धड होता. वरचा तीन ठिकाणी फुटला आणि त्यातला एक ढलपा केरात गेला. उरलेले तुकडे काकूंनी जुन्या खणात बांधून ठेवले होते.

तो तिथेच का तुटला, हे मोडलेल्या तोंडाकडे पाहूनच कळत होतं. पिळाच्या खांबात खरी ताकद पेडांत नसते, दोन पेडांच्या खाली उरलेल्या गाभ्यात असते. या खांबाची जाडी खाली ४२ मिमी आणि वर ३१. पेडांमधली खोली वजा केली की खाली गाभा २५ मिमीचा, वर जेमतेम साडेअठराचा. शिवाय त्या जागी लाकडाची शीर, म्हणजे तंतूंची दिशा, खांबाच्या सरळ रेषेत नव्हती, तिरपी बाहेर निघत होती. उभ्या दाबाला असा खांब शंभर वर्षं उभा राहील. आडवा झटका बसला की शिरेच्याच वाटेने सुटतो.

डिंक लावून जोडता आला असता का? मी आधी तोच विचार केला. पण ढलपा गेलेला, सांधा सगळ्यात बारीक जागी आणि वर महिरपीचं वजन. नवा खांब करायचं ठरलं. बाकी तीन धड होते, नमुना समोर होता. मला वाटलं, सोपं काम आहे.

पहिला खांब

पिळाच्या कामात चार गोष्टी ठरवाव्या लागतात: जाडी, पेड किती, पीळ डावा की उजवा, आणि फेरा. एक पेड खांबाभोवती पूर्ण एकदा फिरून येईपर्यंत जेवढा वर चढतो, त्या उंचीला मी फेरा म्हणतो. लोखंडाच्या आट्यात, म्हणजे स्क्रू-बोल्टच्या चुडीत, याला लीड म्हणतात आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं असतं. नसेल तर नट फिरणारच नाही.

मी धड खांबाची पिळाची लांबी मोजली, २७२ मिमी. एका पेडावर बोट ठेवून फेरे मोजले, बरोबर पाच. भागाकार केला, ५४.४ मिमी. वहीत लिहिलं आणि पुढे गेलो. तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवलं होतं: एकूण लांबी, एकूण आटे, भागाकार.

आखणीची रीत जुनी आणि खात्रीची आहे. आधी लाकूड लेथवर कातून हवा तो निमुळता दंडगोल करायचा. मग लेथ बंद. घेराचे चार सारखे भाग करून चार उभ्या रेघा मारायच्या. प्रत्येक फेऱ्याचे चार भाग करून तेवढी वर्तुळं आखायची. माझ्या हिशेबाने एकूण वीस वर्तुळं, दर १३.६ मिमीवर एक. त्यामुळे खांबावर चौकटींची जाळी तयार होते. एका चौकटीच्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, तिथून पुढच्या चौकटीत, असं तिरपं जात राहिलं की पेडाची रेघ आपोआप वळत वर चढते. समोरासमोरच्या दोन रेघांपासून सुरू होतात ते पेडांचे कणे, उरलेल्या दोन रेघांपासून निघतात त्या दऱ्या. मी खोली सगळीकडे सारखी, ७ मिमी ठेवली.

दोन दिवसांत खांब झाला. काम स्वच्छ होतं, कडा सफाईदार होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो घेऊन महालात गेलो आणि काकूंच्या हातात दिला. त्या खिडकीपाशी गेल्या, खांब उभा धरून खालून वर पाहिला, फिरवला, पुन्हा पाहिला.

"भाऊ, खालून ठीक आहे," त्या म्हणाल्या. "वर जाऊन ढिला पडला ना हा."

मी म्हटलं, "काकू, फेरे पाचच आहेत. मोजून केले."

"हौ, पाचच असतील. पण खाली कोंबून बसवल्यासारखं वाटते अन् वर सुटल्यासारखं."

मी खांब देव्हाऱ्यातल्या उजव्या खांबाशेजारी उभा केला. त्यांचं म्हणणं खरं होतं. जुना खांब खालून वर एकाच दमात चढत होता. माझा खाली दबलेला आणि वर ताणलेला दिसत होता. कुठे चुकलं ते मात्र मला त्या क्षणी सांगता आलं नाही, आणि ते मला फार लागलं.

वात

काकूंनी चहा टाकला. तो उकळेपर्यंत त्या कापसाच्या वाती वळायला बसल्या. तेलवात तळहातावर घोळवतात तेव्हा ती सगळीकडे सारखी जाड नसते, कुठेतरी कापूस कमी असतो. मी सहज पाहत होतो. जिथे वात बारीक होती, तिथे पीळ घट्ट आणि जवळजवळ बसत होता; जाड जागी तो सैल, लांबलांब होता. हात एकच, जोरही एकच.

मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बारीक जागी पीळ धावतेच. सूत कातताना मास्तरीण हेच सांगायच्या, पेळू सारखा सोडा, नाहीतर बारकं सूत पीळ खाऊन तुटते." काकूंचं बालपण वर्ध्याकडचं. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले, त्याच गावाला पुढे सेवाग्राम म्हणू लागले, आणि त्या सगळ्या टापूत शाळेतल्या मुलांच्या हातात टकळी आली. काकूंच्या बोटांना हे तेव्हापासून माहीत होतं.

सूतगिरणीत काम केलेला कोणीही हे सांगेल. सुताला पीळ देताना बारीक जागेचा विरोध कमी असतो, म्हणून पीळ तिथे जास्त साठतो. दोरखंडाचंही तेच, वेणीचंही तेच. वेणी शेवटाकडे बारीक होते तशी तिची गुंफण जवळ येते. खालपर्यंत सारख्या अंतराची गुंफण असलेली वेणी कोणी घातलेली पाहिली आहे का?

पिळाचा खांब पाहताना आपल्या डोळ्यासमोर दोर किंवा वेणी असते. बोल्ट कधीच नसतो. मी मात्र बोल्ट केला होता. खांब निमुळता आणि आटा सारखा, म्हणून माझ्या खांबावर रेघेचा कल खाली खांबाच्या आसाशी साधारण साडेसदुसष्ट अंशांचा होता आणि वर एकसष्ट अंशांचा. सहा-साडेसहा अंशांचा फरक कोनमापकाशिवाय कोणाला दिसेल, असं वाटतं. काकूंना तो खिडकीपाशी दोन मिनिटांत दिसला.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर डोळा अंतर पाहत नाही, कोन पाहतो. कोन सारखा राहायचा असेल तर फेरा जाडीच्या प्रमाणात बदलत गेला पाहिजे. जाडी कमी झाली की फेराही तितकाच आखूड.

जुन्या खांबाची मोजणी

आता मी जुना खांब पुन्हा, पण वेगळ्या नजरेने मोजला. पतंगाचा पातळ कागद खांबाच्या लांबीभर गुंडाळून चिकटपट्टीने घट्ट केला आणि पेन्सिलीचं शिसं आडवं धरून हलक्या हाताने घासलं. पेडांचे कणे काळे उमटले, दऱ्या पांढऱ्या राहिल्या. कागद उघडून त्यावर एक उभी रेघ मारली आणि ती एकाच पेडाच्या कण्याला जिथे जिथे छेदत होती, तिथे खूण केली. खालून वर फेरे निघाले: ६१, ५८, ५४, ५१, ४८. बेरीज २७२, म्हणजे लांबी आणि फेरे दोन्ही माझ्या वहीतलेच. भागाकाराने फक्त मधली सगळी गोष्ट पुसून टाकली होती.

प्रत्येक फेऱ्याला त्या जागेच्या जाडीने भागून पाहिलं. पहिला फेरा जिथे आहे तिथली मधली जाडी जवळपास ४१ मिमी, शेवटच्याची ३२. दोन्हीकडे उत्तर दीड. तिन्ही धड खांब तपासले. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक सोडला तर सगळीकडे दीडपट. दऱ्यांची खोलीही तशीच निघाली, त्या जागेच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढी: खाली साडेआठच्या आसपास, वर सहाच्या थोडी पुढे. मी सगळीकडे सातच ठेवली होती, म्हणून खाली पेड सपाट आणि वर गाभा नको तितका बारीक झाला होता. म्हणजे माझा खांब नुसता दिसायला ढिला नव्हता, जुना जिथे तुटला तिथेच तो आणखी कच्चा होता.

जुन्या कारागिराने हे कसं साधलं असेल? मला वाटतं, त्याने कंपास खांबाच्या जाडीवर लावून तिथल्या तिथे दीडपट धरली असावी. दीड हे सुताराच्या हातातलं माप आहे, त्याला कागद लागत नाही.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. इंग्लंडमध्ये १६६० नंतर पिळाच्या पायांची टेबलं-खुर्च्या फार चालल्या. जवाच्या साखरेच्या पिळदार कांडीवरून त्या पिळाला बार्ली ट्विस्ट म्हणतात. त्याच सुमाराला पोर्तुगालची कॅथरीन ऑफ ब्रगांझा तिथली राणी झाली. तिच्या लग्नाच्या १६६१ च्या करारातच मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली. आणि त्याच सतराव्या शतकात आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरचे कारागीर आबनूस लाकडात पिळाच्या दांड्यांच्या खुर्च्या युरोपी गिऱ्हाइकांसाठी करत होते. म्हणजे हे काम इथल्या हातांना नवखं कधीच नव्हतं. पुढे लंडनच्या होल्ट्झाफेलच्या कारखान्याने नक्षीकामासाठी जे लेथ केले, त्यांत लेथचा आस आणि हत्यार सरकवणारा स्क्रू दातेरी चक्रांनी जोडून पीळ कापायची सोय होती. तिथे पीळ हा खरोखरच आटा झाला, नेमका आणि सारख्या अंतराचा. सरळ दंडगोलावर तो सुंदर दिसतो. निमुळत्या खांबावर मात्र माझ्याच चुकीच्या वाटेने जातो. आजच्या चार अक्षांच्या, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला बदलता फेरा सांगितला तर ती तोही कापेल. पण बदलायचा कसा, ते सांगणाऱ्याला आधी कळलेलं असलं पाहिजे.

डावा की उजवा

समोरचे दोन खांब एकमेकांचे आरसे होते. उजव्या खांबाचा पीळ उजवा, डाव्याचा डावा. ओळखायची रीत सोपी: खांब उभा धरा आणि समोर दिसणारा पेड पाहा. तो डावीकडून खाली सुरू होऊन उजवीकडे वर जात असेल तर पीळ उजवा. उलट असेल तर डावा.

काकूंच्या नातवाने विचारलं, "काका, समजा चुकून उजवा झाला, तर उलटा करून लावता नाही का येणार?" हा प्रश्न माझ्याकडे आयटीआयच्या प्रत्येक बॅचने विचारला आहे. मी खिशातला स्क्रू त्याच्या हातात दिला आणि उलटा करून बघ म्हटलं. स्क्रू कसाही धरा, उजवा आटा उजवाच राहतो. पिळाचा खांबही तसाच. चुकला तर तो लाकूड फुकट घालवून चुकतो.

माझ्याकडचा तो शिसं घासून घेतलेला शिक्क्याचा कागद उजव्या खांबाचा होता, मला डावा करायचा होता. म्हणून कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर धरला आणि मागच्या बाजूने रेघा गिरवल्या. त्यावर लाल पेन्सिलीने मोठ्या अक्षरात "डावा, समोरून" लिहून ठेवलं. खणातल्या तुटक्या खालच्या तुकड्याशी दोनदा ताडून पाहिलं. हा सल्ला मी सगळ्यांना देतो: दिशेची खात्री नेहमी मूळ वस्तूवर करा, कागदावर कधीच नाही.

लाकूड

पहिला खांब नव्या सागवानाचा होता, लकडगंजातून आणलेल्या. वाईट नव्हतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाबद्दल काय बोलावं. २०२३ मध्ये बल्लारशाहच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिराच्या कामासाठी तो गेला, तेव्हा देशभर त्याचं नाव झालं. पण जुन्या तीन खांबांशेजारी नवं लाकूड पिवळट दिसत होतं. दुसऱ्यासाठी मी पाडलेल्या एका घराच्या दाराची चौकट घेतली. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधले, दोन निघाले. मग शीर पाहून तुकडा असा कापला की शिरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातील. याच कारणाने जुना खांब तुटला होता, तेव्हा इथे घाई करणं गुन्हाच ठरला असता.

दुसरी काळजी हवेची. नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा लाकडाला दोन वेगळे देश वाटावेत असे आहेत. मे महिन्यात हवा हाडं वाळवते आणि त्याच वेळी घरातला कूलर बाजूच्या खोलीत ओल भरत असतो. काकूंचा कूलर देवघराच्या दाराशीच होता. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी हलतं, तरी हलतं. आणि वार्षिक वलयांच्या दिशेने ते जितकं आकसतं-फुगतं, साधारण त्याच्या निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेने. म्हणून मी कातण्याआधी तुकडा काकूंच्याच देवघरात ठेवला आणि नातवाला दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायला सांगितलं. त्याने मनापासून नोंद ठेवली: ७२४ ग्रॅम, ७३३, ७३५, ७३५. दोन आठवडे आकडा हलला नाही, तेव्हा जुलैच्या मध्याला तुकडा शेडवर आणला.

दुसरा खांब

कातकाम एका सकाळी झालं. खाली-वर खाचेत बसणारी कुसं, बैठकीचे गोलवे आणि मधला निमुळता भाग. मग लेथचा प्लग काढून ठेवला. ही माझी शिस्त आहे: हातात पटाशी असताना लेथला वीज नको.

उभ्या रेघा चारच. वर्तुळं मात्र या वेळी पावला-पावलाने आखली. खालच्या टोकाची जाडी मोजायची, तिची दीडपट धरायची, तिचा चौथा हिस्सा म्हणजे एक पाऊल. पहिलं पाऊल पावणेसोळा मिलिमीटरचं. तिथे वर्तुळ, पुन्हा जाडी मोजायची, पुन्हा पाऊल. विसावं पाऊल पावणेबाराचं आलं. शेवटी एकूण दोन मिलिमीटर जास्त झाले. ते वीस पावलांत वाटून टाकले, कोणाच्या बापाला कळणार नाहीत. वर जाताना चौकटी बारीक होत गेल्या होत्या, पण प्रत्येकीचा आकार तोच. जाळीकडे पाहूनच मला कळलं की आता बरोबर आहे.

दऱ्यांच्या रेघांवर आधी करवतीने चीर घ्यायची. माझी करवत बारीक दातांची, पाठीला पितळी पट्टी असलेली. पात्याला खोलीच्या खुणेसाठी चिकटपट्टी लावली आणि वर जाताना ती तीनदा सरकवली: साडेसात, साडेसहा, साडेपाच. तयार खोलीपेक्षा थोडी कमीच, कारण तळ कानशीने गाठायचा असतो. करवत एका हातात, दुसऱ्या हाताने खांब हळूहळू फिरवायचा. करवतीला रेघेवर ढकलायचं नाही. खांब फिरवून रेघच करवतीखाली आणायची. हे हाताला जमलं की चीर एकसारखी पडते.

मग गोल पटाशी. इथे लाकूड आपली परीक्षा बघतं. पेडाच्या कण्यावरून दरीकडे उतरताना पटाशी शिरेबरोबर चालते, साल निघाल्यासारखी कात निघते. त्याच दरीच्या पलीकडच्या उतारावर तीच दिशा ठेवली तर शीर उचकटते. म्हणून दोन्ही उतारांवर नेहमी वरून खाली, कण्याकडून तळाकडे. तळात दोन्हीकडच्या कापणी समोरासमोर भिडतात आणि तिथे पटाशीने कितीही जपलं तरी थोडा खरबरीतपणा राहतो. मी तो पटाशीने काढायचा हट्ट करत नाही, त्या जागेला गोल कानस बरी. सागवानात वाळूसारखा सिलिका असतो, तो धार खातो. या एका खांबाला मी पटाशी आठ वेळा दगडावर लावली. पहिल्या खांबाला चारदाच लावली होती, आणि तिथल्या काही जागांवर ते दिसतं.

शेवटी काचपेपर. पाठीला कापड चिकटवून त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या केल्या. पट्टी दरीत बसवून दोन्ही टोकं धरायची आणि बूट चमकवतात तशी मागेपुढे ओढायची. ८० नंबर, मग १२०, १८०, २४०. कण्यावर पट्टी फार ओढली तर पेडाचा गोलवा चपटा होतो. जुन्या खांबांचे पेड बोटाला लिंबासारखे भरीव लागतात, तो भरीवपणा गेला तर खांब वाळलेल्या दोरासारखा दिसतो. मी डोळे मिटून दोन्ही खांबांवर बोट फिरवून पाहत होतो. एका जागी वरचा पेड किंचित सपाट लागला. तिथे आता काही करता येत नव्हतं. लाकूड काढता येतं, भरता येत नाही. तो भाग मी मागच्या बाजूला जाईल असं पाहिलं.

खाचा साफ केल्या. सागवान तेलकट, म्हणून कुसं आणि खाचा डिंक लावण्याआधी थिनरने पुसल्या. पॉलिशला लाख घेतली, स्पिरिटमध्ये विरघळवून, ज्याला दुकानात फ्रेंच पॉलिश म्हणतात. जुन्या खांबांवरही तीच होती: कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून पाहिला तर थर मऊ पडला. सिंथेटिक पॉलिश लावलं असतं तर चार खांबांत एक वेगळा चमकला असता. पातळ हात सहा, प्रत्येकामध्ये चांगलं वाळू देऊन. पावसाळ्यात स्पिरिट पॉलिश ओल धरून पांढरं पडतं, म्हणून उघडिपीच्या दुपारीच काम केलं. सहा हातांना अकरा दिवस लागले.

बसवणी

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक, निघाली, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन पोरं गल्लीत फिरत होती, त्या संध्याकाळी मी खांब घेऊन गेलो. महिरप नातवाने दोन्ही हातांनी अलगद उचलून धरली. खांब खाली बसला, वर बसला, एकदाच टक् आवाज झाला.

काकूंनी लगेच काही म्हटलं नाही. त्यांनी समई लावली, देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि दोन्ही खांबांवर एकेक बोट ठेवून खालून वर एकाच वेळी फिरवलं. दोन्ही बोटं सोबत चढत होती, उजवं उजवीकडून, डावं डावीकडून, आणि महिरपीखाली एकदमच पोहोचली.

"आता झाला," त्या म्हणाल्या. मग नातवाला, "काकांना आंबिलीला बोलव रे महालक्ष्म्यांना."

कामाचा हिशेब असा: पहिला खांब दोन दिवस, वाया. दुसऱ्याची मोजणी आणि आखणी दीड दिवस, कातणं अर्धा, कोरीव काम आणि घासणं तीन, पॉलिश वेगळं. मी पैसे दुसऱ्याच खांबाचे घेतले. पुढच्या वेळी निमुळत्या खांबाचा शिक्का मी पहिल्याच दिवशी घेईन आणि लांबीला फेऱ्यांनी भागण्याआधी तीन ठिकाणी फेरा मोजेन.

देव्हारा तपासताना मागच्या उजव्या खांबाच्या वरच्या गळ्यात केसाएवढी चीर दिसली. सध्या वजन घेतो आहे. तो दिवाळीनंतर काढायचं ठरलं. त्याच चौकटीचा दुसरा तुकडा देवघराच्या कोपऱ्यात उभा करून आलो. नातवाने वहीत नवं पान काढून पहिलं वजन लिहिलं आहे, ७१२ ग्रॅम.